ट्रान्समीटर लावलेले किवी जंगलात मरतात ते नक्की कशाने?

प्रश्न असा आहे: न्यूझीलंडमध्ये किवी पक्ष्यांच्या पायाला ट्रान्समीटर लावून त्यांच्यावर लक्ष ठेवतात असं वाचलं. एवढं लक्ष असूनही ते मरतात कशाने? म्हातारपणाने, रोगाने की शिकारी प्राण्यांमुळे?

म्हातारपणाने फार थोडे मरतात. पिल्लू असेल तर बहुतेक वेळा स्टोट नावाचा छोटा शिकारी प्राणी, आणि मोठा पक्षी असेल तर, निदान मी राहतो त्या भागात, कुत्रा. एका ओळीत उत्तर हवं असेल तर हे पुरे. पण या एका ओळीने फसायलाही होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी मूळचा सांगलीचा. गेली काही वर्षं न्यूझीलंडच्या अगदी उत्तरेला, नॉर्थलँडमध्ये राहतो. पक्षिशास्त्राशी माझा संबंध नाही. शेजारच्या टेकड्यांवर किवी आहेत, त्यांना मारणाऱ्या प्राण्यांसाठी गावातल्या लोकांचा एक गट सापळ्यांची लाइन सांभाळतो, त्यात मी शनिवारी जातो. शिवाय अँटेना धरून पक्ष्यांचे सिग्नल ऐकायला मदत करतो. पक्ष्याला हात लावायचा परवाना माझ्याकडे नाही, तो असलेली माणसं वेगळी.

आधी त्या 'लक्ष ठेवण्या'बद्दल. ट्रान्समीटर म्हणजे राखणदार नव्हे. पायाला पट्टीने बांधलेली ती एक छोटी डबी असते आणि ती ठरावीक वेगाने टिक टिक करत राहते, एवढंच. पक्षी चोवीस तास हललाच नाही तर तिचा वेग साधारण दुप्पट होतो. किवी दिवसभर बिळात झोपला तरी रात्री हिंडतोच, त्यामुळे पूर्ण दिवस-रात्र हालचाल नाही म्हणजे काहीतरी बिनसलंय. आपल्याला कळतं ते हे असं, सगळं होऊन गेल्यावर.

पहिल्यांदा तो भराभर टिकटिकणारा आवाज ऐकला तेव्हा रिसीव्हरच बिघडला असं मला वाटलं. बरोबरच्या निवृत्त शेतकऱ्याने नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता उतारावरून खाली निघाला. पाऊण तासाने एका नेच्याखाली नर सापडला. झोपल्यासारखा, पिसं ओली, चोच पानांत खुपसलेली. रक्त नाही, जखम नाही, आजूबाजूला दहा-बारा पिसं तेवढी. मला वाटलं, आजारी असेल बिचारा. आम्ही आधी फोटो काढले, जागा नोंदवली, संवर्धन खात्याच्या माणसाला फोन केला आणि मग पक्षी पिशवीत घालून थंड ठेवला. थंड म्हणजे बर्फात गोठवायचा नाही. गोठवला की पेशी फुटतात आणि तपासणाऱ्याला नीट काही दिसत नाही. शवविच्छेदनात निघालं की आतल्या बरगड्यांचा चुरा झालेला होता. कुत्रा. कुणाचा, ते आजतागायत कळलेलं नाही.

वरून अखंड आणि आतून चुरा, असं का होतं? घरी कधी अख्खी कोंबडी साफ केली असेल तर छातीच्या मधोमध हाडाची एक उभी धार हाताला लागते, आठवतंय का? उडणाऱ्या पक्ष्यांचे पंखांचे स्नायू त्या धारेला धरलेले असतात. किवी उडत नाही, त्याला ती धारच नाही आणि छातीवर मांसही नाही. कुत्र्याने खेळता खेळता तोंडात धरला तरी खेळ खलास. त्यात किवीला एक उग्र वास असतो. माणसालाही तो येतो, मग कुत्र्याचं काय विचारता! 'आमचा कुत्रा कुणाला चावत नाही' हे वाक्य इथे मी पुष्कळ वेळा ऐकलंय, आणि ते खरंही असेल. किवी मरायला चावावं लागतच नाही.

या बाबतीतली सगळ्यात गाजलेली घटना नॉर्थलँडमधलीच आहे. १९८७ साली वाइटांगीच्या जंगलात मिखाएल ताबोर्स्की हे संशोधक किवींचा अभ्यास करत होते. २४ पक्ष्यांना ट्रान्समीटर लावलेले होते. ऑगस्टअखेरीपासून त्यांतला एकेक पक्षी मेलेला सापडू लागला आणि पाच-सहा आठवड्यांत २४ पैकी १३ पक्षी मेले. सगळं काम एकाच जर्मन शेफर्ड कुत्रीचं. ३० सप्टेंबरला तिला गोळी घातली आणि मरण्याचं सत्र थांबलं. त्या जंगलात तेव्हा सुमारे ९०० किवी असावेत असा अंदाज होता, त्यावरून या कुत्रीने ५०० पर्यंत पक्षी मारले असतील असं म्हणतात. हा ५०० चा आकडा सगळीकडे ठासून सांगितला जातो. माझं मत विचाराल तर तो हिशेबाने वाढवलेला आकडा आहे, पक्का आकडा १३ चाच. पण ते १३ कळले कशामुळे, तर पायात डब्या होत्या म्हणून. एरवी जंगल रात्रीचं जरा शांत वाटलं असतं, बस.

मोठा पक्षी गेला की नुकसान फार मोठं असतं. कुत्र्यांपासून सुरक्षित जागी किवी तीस-चाळीस वर्षं सहज जगतो, कधी त्याहून जास्त. नॉर्थलँडमध्ये मात्र मोठ्या किवीचं सरासरी आयुष्य १३-१४ वर्षं भरतं. म्हणजे अंडी घालायची पंधरा-पंचवीस वर्षं गेलीच की.

आता पिल्लं. इथे दोषी वेगळा. स्टोट हा लांबुळका, चपळ प्राणी. पाहिल्यावर आपल्याला मुंगसाची आठवण येते, पण घराणं वेगळं, हा विझलच्या कुळातला. १८८० च्या दशकात, सशांनी कुरणं फस्त केली म्हणून इंग्रज वसाहतवाल्यांनी त्याला मुद्दाम आणून सोडला. ससेही त्यांनीच आणले होते! स्टोट स्वतः पाव किलोच्या आसपास, पण किवीचं पिल्लू किलोभराचं होईपर्यंत त्याला तो सहज मारतो. आणि किवीच्या पिल्लाला आईबाप भरवत नाहीत. अंड्यातला बलक पोटात असतो, त्यावर पहिले दहाएक दिवस निघतात, मग ते एकटंच बिळाबाहेर पडून किडे शोधू लागतं. किलोभराचं व्हायला त्याला निदान सहा महिने लागतात. तोवर रोज रात्री जुगार.

जिथे सापळे वगैरे काहीच नाही तिथे शंभरातली पाचेक पिल्लं मोठी होतात. मेलेल्या पिल्लांपैकी निम्म्याच्या आसपास एकट्या स्टोटच्या नावावर. शंभरातली वीस जगली तरी किवींची संख्या वाढू लागते. म्हणून तर आम्ही लाकडी खोक्यांत कोंबडीचं अंडं ठेवून सापळे लावत हिंडतो. आणि म्हणूनच १९९० च्या दशकाच्या मध्यापासून कित्येक ठिकाणी अंडी जंगलातून उचलून आणतात, यंत्रात उबवतात आणि पिल्लू किलोच्या वर गेलं की परत सोडतात. कोणत्या बिळात अंडं आहे हे कळतं तेही नराच्या पायातल्या ट्रान्समीटरवरून, कारण आमच्याकडच्या तपकिरी किवीत अंडी उबवायला नर बसतो.

मांजरंही पिल्लं मारतात. फेरेट (स्टोटचाच मोठा भाऊबंद) तर मोठा किवीसुद्धा मारतो, आणि एक फेरेट एखाद्या खोऱ्यात शिरला की महिन्याभरात तिथले सिग्नल एकामागून एक भराभर वाजायला लागतात.

बाकीची कारणं किरकोळ, पण विचित्र. रस्त्यावर गाडीखाली येणं. दुसऱ्या किवीशी हद्दीवरून मारामारी. पॉसम या झाडांवर राहणाऱ्या उपद्रवी प्राण्यासाठी जमिनीवर लावलेल्या चापात पाय अडकणं. कड्यावरून घसरणं. आणि उभ्या कडांच्या तळ्यात किंवा गुरांच्या हौदात पडून बुडणं. आपल्याकडे जुन्नरच्या बाजूला विहिरीत बिबट्या पडतो ना, तोच प्रकार. उपायही तोच, आत एक तिरकी फळी टाकून ठेवायची.

विषाचं मुद्दाम सांगतो, कारण इथे त्यावर घराघरांत भांडणं आहेत. उंदीर, पॉसम मारायला हेलिकॉप्टरमधून १०८० नावाचं विष टाकतात, त्याने किवी मरतात असा पुष्कळांचा ठाम समज आहे. विष टाकण्याच्या आधी आणि नंतर ट्रान्समीटर लावलेले शेकडो किवी तपासले गेले आहेत आणि १०८० ने मेलेला त्यात एकही निघालेला नाही. उलट विष खाल्लेले उंदीर खाऊन स्टोट मरतात आणि पुढच्या हंगामात जास्त पिल्लं वाचतात.

आता फसायला होतं म्हणालो ते कुठे? असल्या कारणांच्या याद्या वाचताना आधी दोन गोष्टी बघा. एक, पक्षी कोणत्या वयाचे आणि कोणत्या भागातले. पिल्लांना डब्या लावल्या तर यादीत वर स्टोट येणार, गावालगतच्या मोठ्या पक्ष्यांना लावल्या तर कुत्रा. दुसरी, 'कारण अज्ञात' हा रकाना किती मोठा आहे. पक्षी चार दिवसांनी सापडला तर मागे पाय, पिसं आणि डबी एवढंच उरतं. शिवाय पिल्लावर स्टोटचे दात दिसले म्हणजे त्यानेच मारलं असं नाही, मेलेलं पिल्लूही तो खातो. तपासणारे मग दातांच्या खुणांभोवती कातडीखाली रक्त साकळलंय का ते पाहतात. साकळलं असेल तर चावताना पिल्लू जिवंत होतं, कारण मेल्यावर रक्त तसं पसरत नाही. दोन सुळ्यांमधलं अंतर मोजतात, लाळेचा नमुना घेऊन डीएनए तपासतात. कुत्र्याच्या मालकाला कोर्टात उभं करायचं तर याचाच आधार. कायद्याने तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो, कुत्र्याला तर बहुतेक वेळा ठार करतातच.

आणि एक तिसरा प्रकार यादीत येतच नाही. मागच्या हिवाळ्यात एका मादीचा सिग्नल दुप्पट वेगाने वाजू लागला. आम्ही पिशवी, लेबल, हातमोजे सगळं घेऊन, तोंडं पाडून गेलो. आवाज एका पोकळ ओंडक्यातून येत होता. परवानावाल्या बाईंनी खांद्यापर्यंत हात आत घातला, बराच वेळ चाचपलं आणि बाहेर काढली ती नुसती डबी. पट्टी झिजून तुटली होती. मादी आत नव्हतीच. बाईंनी डबीवरची माती पुसली, वहीत 'गळून पडला' असं लिहिलं आणि रिसीव्हर बंद केला. आम्ही आणलेला चहा तिथेच ओंडक्यावर बसून संपवला.