विश्वास उसना असतो का?

प्रिय बाळ,

सप्रेम जयख्रिस्त.

पत्र दोनदा वाचलं. पाळकसाहेब निवृत्त होऊन गेले तेव्हापासून उपासनेत मन लागत नाही, म्हणतेस. प्रार्थनेला डोळे मिटले की त्यांचाच आवाज कानात घुमतो, शब्दही त्यांचेच तोंडी येतात. मग माझा विश्वास माझा होता की त्यांच्याकडून उसना आणलेला, हा तुझा प्रश्न.

उसना होताच. कुणाचा नसतो? बायबलमधलं, प्रेषित पौलाने आपला तरुण शिष्य तीमथ्य याला लिहिलेलं दुसरं पत्र काढ. पहिल्याच अध्यायात, पाचव्या वचनात, तो तीमथ्याच्या विश्वासाची आठवण काढतो आणि त्याच दमात सांगतो की हा आधी तुझी आजी लोईस आणि आई युनीके यांच्या ठायी होता. म्हणून तो तुझा नव्हे, असं काही पौल म्हणत नाही.

मी सोळा वर्षांचा होतो तेव्हा धाकटी बहीण गेली. दफनविधी आटोपल्यावर मी आमच्या पाळकांना तावातावाने विचारलं, देवाने असं का केलं? त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मला ठाऊक नाही रे." इतकंच. असा राग आला म्हणून सांगू! पण पुढच्या गुरुवारी ते घरी आले. त्याच्या पुढच्याही. एक स्तोत्र वाचायचे, थोडा वेळ गप्प बसायचे आणि जायचे. एकदा त्यांचं पवित्र शास्त्र माझ्या हातात आलं. निरपराध असूनही दुःख भोगणाऱ्या ईयोबाच्या पुस्तकाची पानं बोटं लागून लागून कडेला काळी पडली होती. माझा प्रश्न त्यांना नवा नव्हता तर.

त्यांचं प्रवचन मात्र एकही आठवत नाही. (लांबण फार लावायचे.) आणि हेही सांगतो, गायनमंडळातल्या एका मुलाला ते सगळ्यांदेखत टाकून बोलले होते, माफी मागितल्याचं मी काही पाहिलं नाही. तुझ्या पाळकसाहेबांचंही असं काही तुला माहीत असेल. ते झाकू नकोस. करिंथच्या मंडळीत कुणी पौलाचा, कुणी अपुल्लोस या दुसऱ्या उपदेशकाचा म्हणवून घेऊ लागले, तेव्हा पौल भडकलाच होता: तुमच्यासाठी पौल वधस्तंभावर गेला का?

पुढे मोठा ख्रिस्ती धर्मगुरू झालेल्या ऑगस्टीनची गोष्ट मला म्हणूनच आवडते. 384 साली तो मिलानला आला. तिथले बिशप अंबरोज मोठे वक्ते, म्हणून हा त्यांची भाषाशैली ऐकायला जाऊ लागला. आधी जीव जडला तो त्यांच्या मायेवर, शिकवणीवर नव्हे; हे त्यानेच लिहून ठेवलंय. मनातले प्रश्न निवांत विचारायचे होते, पण अंबरोजभोवती सदा माणसांची गर्दी. जरा उसंत मिळाली की ते ओठ न हलवता वाचत बसायचे. दार उघडंच असे. ऑगस्टीन आत जाऊन गुपचूप बसे आणि काही न विचारता निघून येई. 387 च्या ईस्टरला त्याने त्याच अंबरोजच्या हातून बाप्तिस्मा घेतला.

तेव्हा पाळकसाहेबांचे शब्द प्रार्थनेत आले तर येऊ देत. नवे पाळक कसे आहेत ते तू लिहिलंच नाहीस. एवढ्यात तुलना नको करूस.

आणि निवृत्त माणसाला पत्र लिही. तुरुंगातून पौलानेही तीमथ्याकडे त्रोवस शहरात राहिलेला झगा आणि पुस्तकं मागितली होती, हिवाळ्याआधी ये म्हणाला होता. पाळकांनाही कुणीतरी लागतं. त्यांना हल्ली कमी दिसतं म्हणालीस ना, मग अक्षर जरा मोठं काढ.

तुझा,
काका