टेरेन्स हॉवर्डचं '१ × १ = २' खोडून काढलं तर लोक नील डिग्रास टायसनवरच का चिडले?

सगळेच चिडले नाहीत. बऱ्याच जणांनी उलट कौतुकच केलं. हॉवर्ड या अभिनेत्याने २०१७ मध्ये याच दाव्यावरचा आपला ३६ पानी लेख खगोलभौतिकशास्त्रज्ञ टायसन यांना पाठवला होता आणि त्यांनी तो वाचून लाल शाईत शेरे मारून परत केला. २०२४ मध्ये हॉवर्ड जो रोगनच्या पॉडकास्टवर बोलला, तेव्हा टायसन यांनी व्हिडिओ करून ते शेरेच दाखवले. फुकटात इतकी तपासणी कोण करून देतं हो?

चिडलेल्यांचा राग गणितावर नव्हताच, सुरावर होता. टायसन यांनी डनिंग-क्रुगर परिणामाचा, म्हणजे अर्ध्या हळकुंडाने पिवळं होण्याचा, उल्लेख केला आणि तो झोंबला. 'पदवीवाले बाहेरच्याला आत येऊ देत नाहीत' ही तक्रार मग आलीच.

हॉवर्डचं म्हणणं साधारण असं: गुणाकार म्हणजे वाढ, मग एकाला एकाने गुणून एकच कसा? अहो, ताटात एक लाडू आणि ताटही एकच, तर लाडू किती? 'एक एके एक' म्हणणारं पोरही सांगेल. दुसरा लाडू हवा असेल तर बेरीज करा.