कॅलरी मोजणं सोडलं, तर मी खातच सुटेन का?

ही भीती माझ्याकडे अनेक जण बोलून दाखवतात. एका ताईंना या भीतीने फारच छळलं होतं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) त्या प्रत्येक घास अ‍ॅपमध्ये नोंदवायच्या. आकडा मर्यादेत राहिला तर झोप लागायची, नाहीतर दुसऱ्या दिवशी उपास. दिवसभर इतक्या काटेकोर, आणि रात्री सगळे झोपल्यावर ओट्याशी उभ्याने बिस्किटांचा पुडा संपवायच्या. "मला संयमच नाही, मॅडम. म्हणून तर मोजते."

मला हे मुळीच पटलं नाही. मी त्यांना अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातला 1944-45 चा प्रयोग सांगितला. अ‍ॅन्सेल कीज यांनी 36 निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं, दिवसाला साधारण 1,570 कॅलरींवर. त्यांच्या डोक्यात सतत अन्नच घोळू लागलं. काही जण पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले. पुढे भरपूर जेवण मिळू लागलं, तरी कित्येकांची भूक शमेना.

"माझी मर्यादा बाराशे आहे," त्या म्हणाल्या. "म्हणजे त्यांच्यापेक्षाही कमी!"

रात्रीची ती भूक खरी होती, दिवसभर साठलेली. म्हणून अ‍ॅपला हात लावण्याआधी आम्ही जेवणाच्या वेळा बसवल्या. ताटात अख्खी धान्यं, कडधान्यं, भाज्या, फळं, दाणे. हा आग्रह का, तर अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांनी 2019 मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास. 20 जणांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं (कारखान्यात बनलेलं, पाकीटबंद) आणि दोन आठवडे साधं अन्न, हवं तितकं खायची मुभा देऊन दिलं. अतिप्रक्रिया केलेलं अन्न समोर असताना ते रोज सुमारे 500 कॅलरी जास्त खात होते. साध्या अन्नावर कुणीही न सांगता ते आधी थांबत होते. बिस्किटांवर मात्र मी बंदी घातली नाही. बंदी घातलेलंच रात्री आठवतं.

सगळ्यात अवघड गेलं ते पोट भरल्याचं ओळखणं. "मला कळतच नाही," असं त्या वैतागून म्हणायच्या. साहजिक होतं, कितीतरी वर्षं त्यांनी हे पोटाला विचारलंच नव्हतं. पोट भरल्याची जाणीव व्हायला साधारण वीस मिनिटं लागतात, आणि त्यांचं जेवण त्याच्या आतच उरकायचं. सावकाश जेवायचं, मध्येच थांबून "अजून भूक आहे का?" असं विचारायचं, आणि असेल तर बिनधास्त वाढून घ्यायचं. हे शेवटचं जमायला त्यांना सर्वांत जास्त वेळ लागला.

सुरुवातीला वजन थोडं वाढलं, त्या घाबरल्या, मग ते स्थिरावलं. वजन उतरेल असं वचन मी कुणालाच देत नाही. पण रात्रीचं चोरून खाणं कमी होत गेलं आणि अ‍ॅप त्यांनी स्वतःहून काढून टाकलं.

इन्सुलिन घेत असाल, तर कर्बोदकांचा हिशेब डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका. आणि खाल्ल्यावर मुद्दाम उलटी काढावीशी वाटत असेल, तर असले प्रयोग एकट्याने करू नका. आधी डॉक्टरांकडे जा.