‘सर्व’, ‘कधीच’ आणि ‘आजची पिढी’

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत नववी-दहावीला मराठी शिकवते. मुलांच्या निबंधांत ‘आजकाल कोणीच वाचत नाही’, ‘सर्व राजकारणी भ्रष्ट असतात’, ‘आजची पिढी मोबाइलच्या आहारी गेली आहे’ अशी वाक्ये सर्रास येतात. मी ‘सर्व’, ‘कोणीच’ या शब्दांखाली लाल रेघ ओढते. मुले तेथे ‘काही’, ‘फारसे कोणी’ असे लिहून मोकळी होतात आणि निबंध मिळमिळीत होतो. ही सवय कशी सोडवावी? — एक शिक्षिका

उत्तर : आपण ज्या शब्दांखाली रेघ ओढता, ते शब्द मुळात सदोष नाहीत. ‘प्रत्येक त्रिकोणाच्या तिन्ही कोनांच्या मापांची बेरीज १८० अंश असते’ हे विधान आपलेच विद्यार्थी भूमितीच्या तासाला सिद्ध करतात आणि तेथे ‘बहुतेक त्रिकोणांच्या’ असे लिहिले, तर ती चूक ठरेल. उलट ‘सर्व मूळसंख्या विषम असतात’ हे विधान २ या एकाच संख्येमुळे खोटे पडते. गणितात मुलांना हा भेद कळतो, परंतु निबंधाची वही उघडली की तो विसरला जातो. तेव्हा प्रश्न शब्दांचा नसून, विधान जेवढे पसरले आहे तेवढा आधार लिहिणाऱ्याजवळ आहे की नाही, हा आहे.

आपण दिलेले तिसरे वाक्य या दृष्टीने सर्वांत कठीण. त्यात ‘सर्व’ नाही, ‘नेहमी’ नाही, म्हणून ते लाल रेघेतून सुटते. पण ‘आजची पिढी’ या एकवचनात लक्षावधी मुलामुलींना एकाच माळेत ओवले आहे. ‘शेतकरी कर्जात बुडाला आहे’, ‘शहरी माणूस स्वार्थी झाला आहे’ ही त्याच घडणीची वाक्ये. अशा वाक्यांसमोर रेघ ओढण्याऐवजी समासात एखादाच प्रश्न लिहावा : कोण? कुठे? केव्हा? तुला हे कशावरून कळले? उत्तर देण्यासाठी मुलाला वाक्यातील शब्द बदलून भागत नाही, पुन्हा विचार करावा लागतो.

सरावासाठी आपल्याच जिल्ह्याचे उदाहरण घ्यावे. फळ्यावर ‘सातारा जिल्ह्यात भरपूर पाऊस पडतो’ असे लिहावे आणि वर्गाला हे वाक्य तपासायला सांगावे. महाबळेश्वरात वर्षाला सरासरी ५००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर त्याच जिल्ह्याच्या पूर्वेकडील माण तालुक्यात तो सुमारे ५०० मिलिमीटर असतो. ‘काही ठिकाणी पाऊस पडतो, काही ठिकाणी पडत नाही’ ही दुरुस्ती खोटी नाही, पण निरुपयोगी आहे आणि मिळमिळीतपणा येतो तो अशा दुरुस्तीतूनच. ‘सह्याद्रीच्या माथ्यावर धो-धो कोसळणारा पाऊस त्याच जिल्ह्यातील माणपर्यंत पोहोचेतो दहाव्या हिश्श्यावर येतो’ हे वाक्य मात्र अचूकही आहे आणि मूळ वाक्याहून जोरकसही. कोणीतरी विद्यार्थी लगेच ‘असे का?’ म्हणून विचारील आणि पर्जन्यछायेचा विषय आपसूक निघेल.

अट जोडल्याने विधान दुबळे होत नाही, हे विज्ञानातूनही दाखवता येते. ‘पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते’ हे समुद्रसपाटीवरील हवेच्या दाबाला खरे आहे. महाबळेश्वर १३०० मीटरहून अधिक उंचीवर असल्याने तेथे पाणी ९५-९६ अंशांच्या आसपासच उकळू लागते. दाबाची अट लिहिणारा विद्यार्थी कचरत नसतो; त्याला अधिक माहीत असते.

आकडेवारीही अशीच वाचायला शिकवावी. ‘महाराष्ट्र साक्षर झाला आहे’ असे कोणी लिहिले, तर २०११ची जनगणना समोर ठेवावी. सात वर्षे व त्यावरील लोकसंख्येत साक्षरतेचे प्रमाण सुमारे ८२ टक्के होते. पुरुषांमध्ये ते सुमारे ८८, तर स्त्रियांमध्ये सुमारे ७६ टक्के. त्या एका वाक्याखाली केवढी तफावत झाकली गेली होती, हे मुलांना स्वतः पाहू द्यावे.

या सवयीला आपण शिक्षकही खतपाणी घालतो, हे मला स्पष्टपणे सांगितले पाहिजे. निबंधाच्या तयार पुस्तकांतील ठसकेबाज आरंभवाक्ये पाठ करून लिहिणाऱ्याला आपण चांगले गुण देतो आणि घुटमळत का होईना, स्वतः पाहिलेले लिहिणाऱ्याला ‘प्रभावी नाही’ असा शेरा देतो. आधार दिलेल्या विधानासाठी काही गुण राखून ठेवावेत आणि तसे वर्गाला आधीच सांगावे. ‘हा वर्ग कधीच वेळेवर वह्या देत नाही’ यासारखी आपली वाक्येही मुलांनी तपासली, तर रागावू नये.

मुले स्वतःविषयी अशीच वाक्ये बोलतात, तेव्हा मात्र लाल पेन बाजूला ठेवावे. मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी नैराश्याने ग्रासलेल्या रुग्णांच्या विचारांत जे दोष नोंदवले, त्यांत एका प्रसंगावरून सरसकट निष्कर्ष काढणे हा एक होता. अर्थात तसे बोलणारे प्रत्येक मूल नैराश्यात असते, असे मुळीच नाही. ‘मला गणित कधीच जमणार नाही’ असे म्हणणाऱ्याला ‘असे बोलू नये’ एवढेच सांगितले, तर तो फक्त गप्प होतो. त्याऐवजी चाचणीची उत्तरपत्रिका घेऊन त्याच्याशेजारी बसावे, कोणती उदाहरणे सुटली आणि कोणत्या पायरीवर गाडी अडली ते त्यालाच शोधायला सांगावे. ‘शाब्दिक उदाहरणावरून समीकरण मांडताना मी अडखळतो’ असे वाक्य त्याच्या हातून लिहून झाले, म्हणजे ती वही गणिताच्या शिक्षकांना दाखवावी; त्यांना कोठून सुरुवात करायची ते त्यावरून कळेल.