कोड पानावर जसाच्या तसा हवा असेल तर

वेबपानावर दाखवलेला कोड एका ओळीत का गोळा होतो, असं तू विचारलंस. कारण एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपान लिहायच्या भाषेत, तू तो नुसत्या कोड टॅगमध्ये (टॅग म्हणजे कोनी कंसात लिहिलेली खूण) टाकलायस. तो टॅग फक्त फॉन्ट बदलतो. सलग आलेल्या स्पेस आणि एंटर ब्राउझर एकाच स्पेसमध्ये गुंडाळतो. त्या राखायच्या तर बाहेर प्री नावाचा टॅग, आत कोड. वाक्यात एखादी कमांड दाखवायला मात्र नुसता कोड पुरतो.

आता खरी मेख. प्रीमध्ये टाकलं म्हणून आतले टॅग गप्प बसत नाहीत. उदाहरणादाखल लिहिलेला बोल्ड टॅग दिसणारच नाही, वर पुढचा मजकूर ठळक होऊन बसेल. म्हणून उघडणाऱ्या कोनी कंसाच्या जागी अँपरसँड (‘अँड’ची खूण), एल, टी, सेमीकोलन असं सलग लिही. एडिटरमधून एकगठ्ठा बदल करणार असशील तर आधी कोडमधले मूळचे अँपरसँड बदल (त्यांच्या जागी अँपरसँड, ए, एम, पी, सेमीकोलन), मग कंस. उलट केलंस तर नव्याने आलेले अँपरसँडही बदलले जातील आणि पानावर कंसाऐवजी ती अक्षरंच उमटतील. जुन्या पानांत हा त्रास वाचवणारा एक्सएमपी टॅग दिसेल. तो केव्हाच बाद झालाय, त्याच्या नादी लागू नकोस.

टॅबची रुंदी ब्राउझर आठ स्पेस धरतो. मला ती फारच वाटते. सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेत, टॅब-साइझ चार कर. लांब ओळी मोबाइलवर पानाबाहेर जातात, त्यासाठी तिथेच प्रीला ओव्हरफ्लो-एक्स ऑटो दे, म्हणजे ओळ आडवी सरकवून वाचता येईल. आणि देवनागरी मजकुराचे रकाने स्पेस मोजून जुळवत बसू नकोस, जोडाक्षरांची रुंदी सारखी नसते. तिथे सरळ टेबल वापर.