स्वतः मोठा खेळाडू नसताना पोर्तुगालचा जुझे मोरिन्यो एवढा मोठा फुटबॉल कोच कसा झाला? तो आधी खरंच दुभाषी होता का?

होता. आणि तुमच्या प्रश्नातला तो ‘खरंच’ माझ्या फार ओळखीचा आहे, म्हणून लिहायला बसलो. (नाव ‘होजे’ नाही, ते स्पॅनिश झालं. गोव्यातल्या कुठल्याही जुझेला विचारा.)

१९९२ साली इंग्लंडचे बॉबी रॉबसन लिस्बनच्या स्पोर्टिंग क्लबात कोच म्हणून आले. त्यांना पोर्तुगीज येत नव्हतं, मोरिन्योला इंग्रजी येत होतं. एवढंच लोकांना माहीत असतं. त्याआधी तो शाळेत पीटीचा मास्तर होता, सेतुबालच्या क्लबात पोरांना शिकवत होता, एस्ट्रेला दा अमादोरा क्लबात सहायक कोच होता, हे कुणी सांगत नाही. वडील फेलिश गोलकीपर, पोर्तुगालकडून एकदा खेळलेले, नंतर कोच. पोरगा लहानपणापासून त्यांच्यासाठी समोरच्या संघाच्या मॅच बघून टिपणं काढायचा. स्वतः खेळाडू म्हणून बेतास बात.

दुभाषी या शब्दावरनं आठवलं. मी कोल्हापूरचा. बी.पी.एड. केलंय, शाळेत पीटी शिकवतो. आमच्या पेठेच्या तालमीच्या संघातून (आमच्याकडं फुटबॉलचे संघ तालमींचे असतात) मी एकूण तीन मॅच खेळलो, त्यातल्या दोन शेवटची दहा मिनिटं. दहा-बारा वर्षांपूर्वी आमच्या संघानं एक नायजेरियन गडी आणला. तेव्हा सगळ्याच पेठा आणत होत्या. त्याला मराठी येत नाही, आमच्या कोचना इंग्रजी येत नाही. कोचना सगळी पेठ आण्णा म्हणायची. शाहू स्टेडियमवर त्यांनी जवानीत काय काय केलं हे आजही चहाच्या गाड्यावर ऐकायला मिळतं, आणि त्यातलं बरंचसं खरं आहे. मला बोलावलं. पगार नाही, एक ट्रॅकसूट. नाव पडलं दुभाष्या.

एका मॅचला हाफ टाइमला आम्ही एक गोलनं मागं. गॅलरीतनं शिव्यांचा पाऊस. आण्णा मला म्हणाले, “त्येला सांग, जीव खाऊन पळ म्हणावं. बास.” मी त्या गड्याला सांगितलं की त्यांचा उजवा बॅक, म्हणजे उजवीकडचा बचावपटू, पुढं येतोय आणि परत जाताना चालत जातोय, तू मध्ये गर्दीत येऊच नको, डावीकडं लाइनला चिकटून उभा राहा. आण्णांनी विचारलं, “एवढं लांबडं काय सांगतोयस?” म्हटलं, इंग्रजीत जास्त शब्द लागतात. आमचे दोन्ही गोल डावीकडनं झाले, मॅच जिंकली. पेठेनं आण्णांना खांद्यावर घेतलं, मी पाण्याच्या बाटल्या गोळा करत होतो.

तिथं गप्प बसलो असतो तर भागलं असतं. आठवड्यानं गाड्यावर चार लोकांत मी हे बोलून गेलो. आण्णांनी कप खाली ठेवला. “तू किती म्याच खेळलाईस रं?” तीन, म्हटलं. “मग?” एवढंच. पुढच्या हंगामाला ट्रॅकसूट दुसऱ्याला गेला. आमच्याकडं हा ‘मग?’ म्हणजे सुप्रीम कोर्ट.

तर मोरिन्यो. स्पोर्टिंगनं रॉबसनना १९९३ च्या डिसेंबरात काढलं, ते पोर्तू क्लबात गेले, हा त्यांच्याबरोबर गेला. १९९६ ला बार्सिलोना, तिथंही हा बरोबर होताच. तिथं तो समोरच्या संघांवर जे अहवाल लिहायचा त्यांचं रॉबसन कौतुक करायचे. नुसत्या दुभाष्याला कोण अहवाल लिहायला सांगतं? रॉबसन हटल्यावर लुई फान खाल आले, त्यांनीही ठेवून घेतलं, छोट्या सामन्यांत संघ हातात दिला. १९९२ ते २००० म्हणजे आठ वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली. तुमच्या ‘कसा झाला’चं निम्मं उत्तर या आठ वर्षांत आहे.

पुढचं तुम्हाला माहीत असणार. २००० मध्ये पोर्तुगालच्याच बेनफिका क्लबात कोच म्हणून जेमतेम तीन महिने, मग लेइरिया क्लब, आणि २००२ च्या जानेवारीत पोर्तू. आल्या आल्या म्हणाला पुढच्या वर्षी चॅम्पियन होणार, आणि झाला. २००३ ला युएफा कप, २००४ ला चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा, फायनलला मोनाकोला ३-०. मग इंग्लंडच्या चेल्सीत त्याच्या पहिल्या हंगामात लीगमध्ये ३८ सामन्यांत फक्त १५ गोल खाल्ले. बचाव म्हणजे भित्रेपणा म्हणणाऱ्यांनी तेवढे १५ गोल मोजावेत.

पण माझी मॅच वेगळी. २८ एप्रिल २०१०, बार्सिलोनाचं मैदान कांप नोऊ, चॅम्पियन्स लीगची सेमीफायनल. मोरिन्यो आता इटलीच्या इंटर मिलानचा कोच. दोन मॅचमधली पहिली ३-१ जिंकून आलेला. बार्सिलोनाचे लोक त्याला अजून ‘दुभाष्या’ म्हणून चिडवायचे. अर्ध्या तासाच्या आत इंटरच्या मोत्ताला लाल कार्ड, दहा जणांनी तासभर झुंज दिली, ०-१ हरून एकूण ३-२ नं फायनलला गेले. शिट्टी झाल्यावर हा माणूस एक बोट वर करून मैदानभर पळत सुटला. बार्सिलोनाचा गोलकीपर वाल्देस अडवायला आला, शेवटी मैदानातले पाण्याचे फवारे चालू केले. मी घरी रात्री एकटाच उभा होतो, बायको उठून विचारायला आली काय झालं. नंतर माद्रिदला फायनलमध्ये बायर्नला २-० हरवून त्यानं त्या हंगामातले तीन करंडक पुरे केले.

तुम्ही स्वतः कोच व्हायचं म्हणून विचारत असाल तर एआयएफएफचं, म्हणजे भारतीय फुटबॉल महासंघाचं, कोचिंगचं डी लायसन्स करा, आणि कुणा मोठ्या कोचच्या मागं वही घेऊन बसा. पोर्तुगालचाच दुसरा कोच आंद्रे व्हियाश-बोआश, त्यानं रॉबसन राहायचे त्याच इमारतीत राहून त्यांना चिठ्ठी टाकली होती. तो तर मोठ्या पातळीवर खेळलाच नव्हता, ३३ व्या वर्षी पोर्तूला युरोपा लीग जिंकून दिली. ‘तू किती मॅच खेळलास’ म्हणणाऱ्याला हे सांगा. ऐकणार नाही, तरी सांगा.

आता थोडं उलटंही सांगायला पाहिजे. मोरिन्यो अगदी बाहेरून आलेला नव्हता, घरातच फुटबॉल होता. आणि २०१५ पासून त्याचं खेळाडूंशी, मालकांशी, पंचांशी बिनसतच आलंय. चेल्सीनं दुसऱ्यांदा काढलं, मँचेस्टर युनायटेडनं काढलं, टॉटनहॅमनं तर लीग कपच्या फायनलच्या तोंडावर काढलं. रोमाला २०२२ मध्ये कॉन्फरन्स लीग मिळवून दिली ती दाद देण्यासारखी, पण २०२५ मध्ये परत बेनफिकात आला तेव्हाचा मोरिन्यो पोर्तूचा राहिलेला नव्हता. कितीही हुशार झाला तरी माणसं सांभाळायची कला वेगळी, आणि तिच्यात आमचे आण्णा त्याच्यापेक्षा भारी होते. त्यांच्यासाठी पोरं ताप असताना खेळायची.

आणि ती डावीकडची मॅच झाल्यानंतर, गाड्यावरची ती ‘मग?’ची गोष्ट होण्याआधी, मधे एक मॅच होती. त्या हाफ टाइमलाही मी माझं डोकं घातलं होतं. गड्याला म्हटलं मागं येऊन बॉल घे. आम्ही तीन गोल खाल्ले आणि शिव्या आण्णांनी खाल्ल्या. हे त्यांना अजून माहीत नाही. त्यांचा मुलगा इथं वाचत असतो. बाबा, वाचलंस तर घरी बोलू नको.