जुनी मारुती 800 सिग्नलला बंद पडते, कार्बोरेटर बदलावा का?

लगेच नको! वेगात नीट पळते आणि सिग्नलला थांबली की बंद पडते, म्हणजे आधी संशय आयडल जेटवर (इंजिन नुसतं सुरू असताना पेट्रोल सोडणारा बारीक भोकाचा भाग) आणि सोलेनॉइडवर (चावी ऑन केली की त्या पेट्रोलची वाट उघडणारा विजेवरचा व्हॉल्व्ह). इंजिन सुरू न करता चावी ऑन करा आणि कोणाला तरी बॉनेटपाशी कान द्यायला सांगा: कार्बोरेटरमधून 'टिक्' असा आवाज यायला हवा. नाही आला तर आधी वायर तपासा. आला तर जेट काढून हवा मारा. त्यात तार अजिबात घालू नका, भोक मोठं होतं आणि मग गाडी पेट्रोल पिते. 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुने रबरी पाइप खराब होतात, तेही बघाच. थ्रॉटलचा स्पिंडल (अ‍ॅक्सिलरेटर दाबला की फिरणारी कार्बोरेटरमधली दांडी) बोटाने हलवून पाहा. खडखडत असेल, तर मात्र कार्बोरेटर बदला.